अक्कलदाढ

सोसायटीच्या वहीत दोनच रकाने:
दुचाकी, चारचाकी.
सेक्रेटरी कुलथे पेन उघडून बराच वेळ पाहत राहिले
माझ्या पार्किंगमधल्या अकरा फुटी सांगाड्याकडे.
मग लिहिलं दुचाकी, कंसात 'चाकं नाहीत',
आणि दीडशेची पावती फाडली.

तशा पावत्या सव्वीस झाल्या.

मी कवळ्या करते. चेंबूरच्या लॅबमध्ये, बावीस वर्षं.
कधी न पाहिलेल्या माणसांच्या हिरड्या
टेबलावर येतात, प्लास्टरच्या, नंबर घातलेल्या.
तेव्हा रेझिन मला नवं नव्हतं.
ते कशानं तापतं, पावसाळ्यात दुधाळ का पडतं,
हाताला ठाऊक होतं.
नवं होतं ते लाकूड. ते ऐकून घेत नाही.

प्लायवुडला कडेनं भोकं पाडून
तांब्याच्या तारेनं शिवत गेले. टाके तीनशे बारा.
सांध्यांवर काचेची पट्टी, वर रेझिन, वर पॉलिशपेपर:
ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस.
खडबडीत कुठं राहिलंय ते डोळ्यांना कळत नाही,
जिभेला कळतं.
जीभ लावता येईना म्हणून गाल लावला,
रात्री साडेअकराला, वॉचमनच्या देखत.

का, हे सगळ्यांनीच विचारलं.
मी प्रत्येकाला वेगळं सांगितलं.
खरं एवढंच की इतकी वर्षं बसमधून खाडीपूल ओलांडला,
निर्माल्याच्या पिशव्या जाळीवरून भिरकावणारे हात पाहिले,
आणि या पाण्याला माझं बोटही कधी लागलं नव्हतं.

सारसोळ्याचे जोमा तांडेल बघायला आले.
पार्किंग असूनही चपला बाहेर काढल्या.
बोटाच्या पेरानं ठोकत गेले, नाळेपासून मागपर्यंत.
एका जागी थांबले. पुन्हा ठोकलं.
"इथं पोकल हाय."
आठ दिवस मी उकरत होते, भरत होते, घासत होते.

कधी सोडू, विचारलं तर तिथी मोजली त्यांनी.
तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ.
"चतुर्थी. चार पावने तीन."
मी पावणेतीन ऐकलं.

म्हणून हातगाडीवर होडी बांधून जेट्टीला पोचलो
तेव्हा पाणी शेवटच्या दगडाच्या वीतभर खाली होतं.
गमबूट घालून मी, वॉचमन बिशुनदेव, त्याचा मेहुणा,
आणि पावतीपुस्तक न घेता स्वतःहून आलेले कुलथे.
पंधरा मिनिटं कुणाला काय बोलावं सुचेना.
"नाव काय ठेवलंत?"
अक्कलदाढ, म्हटलं.
उशिरा येते, दुखते, जागा नसताना येते.
शेवटचं कुलथेंना पटलं.

नारळ जोमांनी फोडू दिला नाही.
होडीत ठेवला. "आदी जाऊन ये, मंग फोर."

पाणी आलं असं दिसलं नाही,
फक्त दगड दिसेनासा झाला.
चौघांनी धरलेलं वजन दोघांचं झालं,
मग कुणाचंच नाही.

ती डावीकडे कलते. थोडीशी. मला माहीत होतं.
तिवरांच्या आडोशाला वारा नव्हता,
पिवळ्या ताडपत्रीचं शीड वाळत घातल्यासारखं लोंबलं,
त्यावर कंपनीचं नाव, उलटं.
वल्हं मारत बाहेर काढली.
आणि मोकळ्यावर ताडपत्री फटकन वाजली,
दाराआडून कुणी हिसकावा तसा दोर ओढला गेला.
मी ओरडले. आनंदानं नव्हे.

मग तळाशी पाणी दिसलं. अर्धा पेला, चमकणारं.
जीव टाक्याटाक्यातून फिरून आला.
दोर दातात धरला, बोट बुडवलं,
जिभेला लावलं.

गोडं.
माझीच बाटली कलंडली होती.

त्यानंतर दोन्ही हात गुंतले, एकात सुकाणू, एकात दोर.
खाडीला बोट लावायचं तेवढं राहून गेलं.
नारळ पायाशी गडगडत होता, इकडून तिकडे,
आणि लांब, पुलावर,
एक बस जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसत होती.