बसण्याचे पैसे

इंदुरात हिला आरामशीन म्हणतात.
आराम तिला नाही, मलाही नाही.
चाकांवरची आहे, जीपमागे जोडायची.
जिथे झाड पडलं तिथे जायचं,
खोड करवतीकडे न्यायचं सोडून
करवत खोडाकडे न्यायची, एवढाच धंदा.

तेव्हा लाल सिलिंडर एकच होता,
सियागंजातून घासाघीस करून आणलेला,
जीपच्या मागच्या सीटखाली नीट ठेवलेला,
ताडपत्री, दोरखंड, बटाट्यांचं पोतं यांच्याखाली.
हरवू नये म्हणून.
विम्याचा माणूस आला की काढून दाखवायचा,
बारशाच्या चांदीच्या वाटीसारखा.

तिल्लोरला पाटीदारांचा आंबा आडवा झाला होता.
तिसऱ्या फळीला पातं किंचाळलं.
झाडाच्या पोटात लोखंड:
कुणीतरी कधीतरी झोक्यासाठी ठोकलेला आकडा,
साल त्यावरून मिटून गेलेली,
बाहेरून पाहाल तर गाठसुद्धा नाही.
ठिणगी एक. म्हणजे आम्ही पाहिली ती एक.

भुसा लगेच पेटत नाही, धुमसतो,
मनात ठेवणाऱ्या माणसासारखा.
इंजिनाखालच्या पेट्रोलच्या डागापर्यंत पोचला
आणि तिथे त्याला वाचा फुटली.

"सिलिंडर!" मी ओरडले.
गेंदालालने माझ्याकडे पाहिलं.
जीप खुडेलला गेली होती,
उद्याचं पेट्रोल आणायला,
सिलिंडर घेऊन.

मग माती, ओली पोती,
पेट्रोलवर माती, भुशावर शेवटी
पाटीदारांच्या सुनेने उचलून आणलेली
मठ्ठ्याची अख्खी कोठी.
गेंदालालच्या मनगटापासून कोपरापर्यंत
कातडी अजून वेगळी चमकते.
"जीरे-पुदिने समेत बुझाई," तो सांगतो,
लोक हसतात.
मीही हसते कधी. त्याचा हात दिसेपर्यंत.

आता दोन आहेत.
मशीनला टांगायचे नाहीत,
नव्या पोराला हे तीनदा सांगावं लागतं.
अरे, जे पेटणार त्याच्याच गळ्यात कसा बांधतोस?
दहा पावलांवर ठेव, वारा येतो त्या अंगाला,
घाबरून जिकडे पळशील ना, त्याच वाटेवर.
पळता पळता हाताला लागला
तर कदाचित वळशील.
दुसरा पलीकडे, फळ्यांच्या थप्पीपाशी.
पहिल्या तारखेला दोन्ही उलटे धरून हलवायचे,
पावडर तळाशी बसते,
नुसतं टांगून ठेवलं की सगळ्यांचंच होतं ते.
काटा हिरव्यात आहे ना, बघायचं.
कार्डावर सही करायची. माझी नाही, तुझी.

तो आकडा मी ठेवून घेतलाय.
वाकडा, एका बाजूने पात्याने चाटलेला.
तिपाईला ठोकला, आता त्यालाच सिलिंडर लटकतो.
गावागावातली पोरं येऊन विचारतात,
यात काय आहे, गॅस?
मी म्हणते, झोका होता.
ती माझ्याकडे बघत राहतात.

मशीन बंद झालं की काम संपलं असं नसतं.
भुसा फावड्याने पसरायचा, पाणी मारायचं,
ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा.
वर गार. आत कोमट.
आणखी आत?
मग बसायचं. अर्धा तास. नुसतं.

बिलात मी लिहिते:
घनफूट इतके, पात्याची धार इतकी,
बसणे, अर्धा तास.
"बैठने के काहे के पैसे, ताई?"
पाटीदारांनी तेवढं विचारलं नव्हतं.

परवा कंपेलला एकाने ते पैसे कापले.
कापू दे.
आम्ही बसलो.
ऊन उतरलं, भुशाला आंबूस वास सुटला,
गेंदालालने बिडी काढली,
ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि परत कानामागे खोवली.