प्रत्यय

गिरगावात, खादीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये,
महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी साडेनऊला
मी पुरुष होत असे.

वकिलातीतून पत्र्याच्या डब्यांत सिनेमा यायचा.
इटलीचा, पोलंडचा, कधी हंगेरीचा.
खाली अक्षरं नसायची. सोबत टाइप केलेले कागद,
कार्बनची चौथी प्रत, इंग्रजी, पुसट.
ते मी रात्री ओट्याशी उभी राहून मराठीत आणायची,
एक डोळा दुधावर ठेवून,
आणि सकाळी पडद्याच्या डाव्या अंगाला
टेबललॅम्पखाली बसून माईकमध्ये वाचायची.
आवाज पोचावा म्हणून पंखे बंद.
साठ माणसं घामाने निथळत बघायची
ओव्हरकोट घातलेले पुरुष.

काय पुरुष होते!
युद्धावरून परतलेले आणि कुठेच न पोचलेले.
एकाचा हात तिकडेच राहिलेला,
एकाची बायको दुसऱ्याकडे.
कामासाठी रांगेत उभे राहायचे,
पोरादेखत मुस्काटात खायचे,
मग सिगारेट अशी पेटवायचे
जणू कुणी काही पाहिलंच नाही.
त्यांच्या वाट्याला बावीस पानं.
बायकांच्या वाट्याला: कुठे होतास. जाऊ नकोस. जेवून घे.
बाकी वेळ कॅमेरा त्यांच्या मानेवर, पाठीवर,
खिडकीतल्या उजेडात त्यांच्या केसांवर रेंगाळत,
आणि मी माईकशी गप्प,
पुढच्या पुरुषाची वाट बघत.

इंग्रजी कागदावरच्या ‘मी’ला बाई-पुरुष नसतो.
मराठीत तोंड उघडलं की
कोण आहेस ते शेपटाला बांधून यावं लागतं.
आलो. गेलो. हरलो.
दोन वर्षं मी लो-लो करत होते
आणि कुणाला काही वाटलं नव्हतं.

त्या रविवारी हे आले होते. पहिल्यांदाच.
दारालगतच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी,
पिशवीत भुलेश्वरहून आणलेला कोबी.
गोदीच्या कचेरीत त्याच महिन्यात
ह्यांनीच शिकवलेला एक पोरगा
ह्यांच्या डोक्यावर बसवला होता.
मला ते शेजारच्या सुळेबाईंकडून कळलं.

पाचवं रीळ.
दाढी वाढलेला माणूस
बायकोकडे पाठ करून कोटाची बटणं काढतो.
तिसऱ्या बटणाशी थांबतो.
कागदावर तीन शब्द.
मी म्हणाले, मी दमले.

कुणीतरी फिस्सकन हसलं.
सुधारून घ्यायला मी श्वास घेतला,
तर पडद्यावर त्याचे खांदे हलायला लागलेले,
आवाज नाही, नुसती प्रोजेक्टरची घरघर.
राहू दे, वाटलं.

उरलेली दोन रिळं तशीच वाचली.
मी घाबरले. मी खोटं बोलले.
दार उघड, मी परत आले.
मिशाळ सार्जंटसुद्धा माझ्या तोंडून
आले, गेले म्हणाला,
एरवी होता तसाच राहिला, बेरकी.
कुणी उठून गेलं नाही.

शो संपल्यावर चिटणीस धुरंधर जवळ आले.
बाई, व्याकरण.
म्हटलं, अनेकवचन धरा. ते सगळे दमले.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
पुढच्या महिन्यात वाचायला
कुणी तरुण वकील ठेवला त्यांनी.
आवाज खणखणीत होता म्हणतात.

ठाकूरद्वारपर्यंत आम्ही चालत आलो.
कोबीची पिशवी ह्यांनी माझ्याकडे दिली नाही,
एरवी देत.
घरी मोरीत पाय धुताना,
नळ जरा जास्तच सोडून,
हे म्हणाले, मी पण.

पुढे क्रियापद नव्हतं.
मी थांबले थोडी.
मग कोबी घेतला चिरायला,
आणि नळ वाहत होता, तो वाहू दिला.