केरसू तळ्याची खोली

नीतिसमितीच्या कागदावर मी सही केली आहे:
कुणाचं नाव सांगणार नाही,
प्रबंधात नाही, कॅन्टीनमध्ये नाही, झोपेत बरळतानाही नाही.
म्हणून इथेही नुसते आकडे.
संपादक एकोणीस. संपादक चव्वेचाळीस.

एस्टोनियाच्या दक्षिण टोकाची बोली,
तिचा एक ज्ञानकोश,
आणि तो फुकट लिहिणारी पन्नासेक माणसं.
त्यांची नऊ वर्षं माझ्या तक्त्यात आहेत,
प्रत्येक स्वल्पविराम, तारीख-वेळेसकट.
एकच पान गोवर आल्यासारखं लाल दिसतं.
केरसू तळं. कमाल खोली.
एकोणीस लिहितो, अकरा मीटर.
चव्वेचाळीस लिहिते, तेरा.
अकरा. तेरा. अकरा.
चारशे बारा वेळा.
प्राध्यापक लेपिक म्हणाले, वा,
हे 'संघर्ष' प्रकरणात घाल.

मुलाखती पडद्यावरच झाल्या.
एकोणीसने आयुष्यभर विटांच्या शेगड्या बांधल्या,
कॅमेऱ्यात आधी त्याचा अंगठाच आला, चुन्यानं भेगाळलेला.
"वडिलांनी बर्फाला भोक पाडून दोरी सोडली.
कंदील मी धरला होता. अकरा गाठी."
छापील आधार?
"दोरी होती म्हटलं ना."

चव्वेचाळीस शाळेत ग्रंथपाल होती.
जुन्या सरकारी पाहणीचं पान सत्तावीस
तिनं पडद्याला चिकटवूनच धरलं.
"आणि दोरी, बाई, भिजली की आखडते."

ठरलेला शेवटचा प्रश्न दोघांना विचारला:
समोरच्या संपादकाबद्दल काय वाटतं?

"तेरावाला? हेकट. शिकलेला, म्हणून जास्तच.
पण आमची ही गेली त्या हिवाळ्यात
मी रात्री तीनला अकरा लिहायचो
आणि तीन वाजून चार मिनिटांनी तेरा यायचं.
कुणीतरी जागं आहे, एवढं कळायचं."

"अकरावाल्याला शुद्धलेखन येत नाही.
शेगड्यांवर मात्र सुरेख लिहितो.
ती पानं मी हळूच नीट करते.
हे त्याला सांगू नका."

मानधनाची कुपनं पाठवायला पत्ते घेतले होते.
पोस्टाच्या रांगेत पाकिटांवर तिकिटं चिकटवली
आणि तशीच उभी राहिले.
गाव तेच. गल्ली तीच.
घर सहा.
घर आठ.
मागची बाई म्हणाली, पुढे सरका.

फेब्रुवारीत गेले. तळं बघायला, असं स्वतःला सांगून.
एक म्हातारा फावड्यानं बर्फ ओढत होता,
सहाच्या दारापासून सुरू करून
न थांबता आठच्या दारापर्यंत.
आठच्या पायरीवर मुरंब्याची बरणी ठेवलेली होती.
ती दारात आली.
"पुन्हा पडणार."
"पडणारच."
बस्स, इतकंच. तो बरणी घेऊन गेला.
माझ्या जिभेच्या टोकावर दोन आकडे होते.
मी दोघांना नमस्कार केला, आवाज बदलून,
आणि तळ्याचा रस्ता विचारला.
दोघांनीही हात एकाच दिशेला केला.

बर्फाला भोक पाडायला तासभर लागला.
माझी दोरी साडेबारा म्हणाली.
किंवा बारा; वारा होता, बोटं बधिर होती.
काही असो, लिहिता येत नाही:
तिथला पहिलाच नियम,
स्वतःचं मोजमाप चालत नाही, कुणीतरी छापलेलं हवं.
आणि मी छापीन ते
'दीर्घकालीन, सौम्य स्वरूपाचा संघर्ष,
तोडग्याची शक्यता कमी.'

आता तार्तूत, विभागातल्या हीटरवर दोरी वाळतेय.
थेंब 'निष्कर्ष'च्या कच्च्या प्रतीवर पडतायत.
लेपिक विचारतात, हे काय?
काही नाही सर, क्षेत्रकार्य.
ते चहाला जातात.
मी पान उघडून बघते.
तीन वाजून दोन मिनिटं, काल रात्री: अकरा.
पुढची नोंद तीन वाजून नऊ.
सात मिनिटं लागली तिला.
तक्त्यात हा फरक नगण्य आहे.
मी फोनकडे बघत बसते.