सूप सांडणारा

एकोणतीस वर्षं तो पडत आला.
जिन्यावरून, शिडीवरून, एकदा तर थेट बिशपच्या मांडीवर.
ओरेस्ते मान्कुसो. उंची पाच फूट दोन,
नाक असं की मालकाच्या आधी दारातून आत येई.
रोममध्ये त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.
ट्रॅममध्ये पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत:
"तो बघ, सूप सांडणारा!"
आणि हा उठून, टोपी काढून,
अख्ख्या डब्याची माफी मागे
न सांडलेल्या सुपाबद्दल.

मी त्याची टायपिस्ट. पानाला चाळीस लिरा,
कार्बनचे वेगळे.
आईच्या शिवणयंत्राला खेटून माझा टाइपरायटर,
त्या खडखडाटात हळू बोलायची सोय नाही,
म्हणून सगळे संवाद तो ओरडून सांगे,
प्रेमाचेसुद्धा.
खालच्या मजल्यावरची विधवा एकदा दार वाजवून म्हणाली,
"मग? काय म्हणाली ती?"

गुडघा गेला त्या वर्षी त्यानं लेखणी धरली.
डॉक्टरनं सांगितलं, पडणं बंद.
"सुताराला म्हणावं, लाकूड बंद," एवढंच बोलला
आणि माझ्याकडून अर्धा डझन पेन्सिली उसन्या घेऊन गेला.
(त्या परत आल्या नाहीत.)

पहिल्या पटकथेत नायकाला नावच नव्हतं.
"नायक खिडकीशी काहीतरी बोलतो," संपलं.
पण दार उघडणारा नोकर होता जेसुआल्दो,
त्याची दाढ दुखत होती,
बहीण त्रिएस्तेला दिलेली, मेव्हण्याशी अबोला,
कारण एक उधार दिलेली सायकल.
निर्मात्यानं लाल पेन्सिल फिरवली:
जेसुआल्दो कोण? लिहा, नोकर एक.
ओरेस्तेनं मान डोलावली. वाद घालणं त्याला जमत नसे,
पडणाऱ्या माणसाला सवय असते.
"नोकर एक टाइप कर," मला म्हणाला,
"पण मनात जेसुआल्दो म्हण. बोटांना कळतं."

अकरा पटकथा. पाटीवर नाव तिघींच्या,
त्यातही एकीवर मान्कुसोचा मान्कुझो.

एका रात्री, वाइन उतरणीला लागल्यावर, त्यानं सांगितलं:
बारीच्या नाटकात तो दूत होता, गंभीर,
राजा मेल्याची बातमी घेऊन यायचा.
पाय गालिच्यात अडकला. खराच.
थिएटर हसून लोळलं. मॅनेजर म्हणाला, हेच ठेव.
"राजा रोज मरायचा,
आणि मी पोटापाण्याला लागलो."

बाराव्या पटकथेत वेटर सूप घेऊन येतो.
वाटेत गालिचा, कुत्र्याची साखळी, लहान मुलीचा चेंडू,
सगळं त्यानंच मांडलेलं, नकाशा काढून.
आणि वेटर पडत नाही.
दिग्दर्शक तडकला, लोक तिकिटाचे पैसे मागतील!
ह्या वेळी मात्र ओरेस्तेनं मान डोलावली नाही.
कसं पडायचं ते शिकायला आलेल्या चीरो नावाच्या पोराला
तीन आठवडे त्यानं न पडायला शिकवलं.

पहिला खेळ. मी शेजारी.
स्वयंपाकघराचं दार ढकलून चीरो येतो,
अख्खं थिएटर हसायला टपलेलं.
गालिचा. साखळी. चेंडू.
पडद्यावर नायक केव्हापासून प्रेम व्यक्त करतोय,
त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही.
चीरो बशी टेबलावर ठेवतो,
कडेचा एक थेंब अंगठ्यानं पुसतो,
जातो.

कुणी हसलं नाही.
बाल्कनीत कुणाचा तरी अडलेला श्वास सुटला, एवढंच.
अंधारात माझं मनगट आवळून ओरेस्ते मोजत होता.
"चार," कुजबुजला. "चार सेकंद."

परतीच्या ट्रॅममध्ये एक पोरगा ओरडलाच:
"सूप सांडणारा!"
ह्यानं उठायचं बघितलं. गुडघ्यानं नाही म्हटलं.
बसल्या जागी टोपी उचलली.
"आज पोहोचवलं रे," म्हणाला,
आणि खिसे चाचपून
माझ्या हातावर चाळीस लिरा ठेवले:
कुठल्याशा एका पानाचे राहिले होते म्हणे.