बहुधा जांभळा

पक्षी बघू नकोस, फूल बघ, रोसेंदो म्हणतो.
पक्षी काय, येईल नि जाईल,
फूल कुठं पळत नाही.

मग मी फूल बघते.
लाल, देठाकडे पिवळं, नळीसारखं,
शेवाळलेल्या फांदीवरून उलटं लोंबणारं.
अडीच तास झाले.
मिंदोच्या वरच्या अंगाला, ढगाच्या आत,
बूट भिजलेले, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत,
कॉफी तळाशी गेलेली.

आधी आवाज.
भुंगा म्हणावा तर बारीक, भोवरा म्हणावा तर जाड.
रोसेंदो एक बोट वर करतो.
डोळ्यांत त्याच्या मोतीबिंदू उतरलेत,
कान अजून जंगलाच्या नोकरीत आहेत.

किंदे, तो कुजबुजतो. चोच?
सरळ. दाभणाएवढी.
शेपूट?
कडांना पांढरट.
बसला की लगेच पंख मिटले?
नाही. क्षणभर उभे धरले,
टाळी द्यायची राहून गेल्यासारखे.
हं, म्हणतो तो. आता रंग सांग.

काळा.

काळा नसतो तो. मान वळवू दे.

मान वळत नाही.
ढगही जागचा हलत नाही.

मी पाहिलाय त्याला, रोसेंदो म्हणतो,
करवतीच्या दिवसांत.
झाड आडवं झालं की आभाळाला भोक पडायचं,
ऊन थेट खाली, भुशावर.
त्या उन्हात हा यायचा, आमच्या डोक्यांवरून,
जांभळा.
असा जांभळा, की विल्सन करवत बंद करायचा
आणि आम्ही सगळे तोंड उघडं टाकून उभे.
इतका स्वच्छ मला पुन्हा दिसला नाही.
पुढच्या वर्षी तिथं गवत होतं.
गाई होत्या. चांगल्या होत्या गाई.

मी थर्मासचं झाकण
उगीचच आणखी घट्ट करते.

फूल हलतं.
म्हणजे गेला.

वहीत लिहिते: आठ चाळीस. ढग.
पंख उभे. रंग काळा.
काळा खोडते.
बहुधा जांभळा.

माझं नाव घातलंस? तो विचारतो.
घातलं.
मग पाहिला असं लिहू नकोस माझ्या नावापुढे.
ऐकला, लिही.