भाग तिसरा : रानडुक्कर

डुक्कर कराडच्या कुंभारवाड्यातून आलं,
टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून.
फोमचं. पोटात थर्माकोल, पाठीवर काथ्याचे राठ केस.
घडवणाऱ्या भिकोबांनी जन्मभर गणपतीच केलेले,
त्यामुळे डुकराचे डोळेही जरा कृपाळूच उतरले.
सुनंदन म्हणाला, "असल्या डोळ्यांवर बाण कसा मारू?"
मी म्हणालो, "मार. दोन भागांचे पैसे यायचेत अजून."

मी मूळचा लग्नांचा.
मेढ्यापासून वाईपर्यंत
शेवटचं मंगलाष्टक कधी संपणार ते मला भटजीआधी कळतं.
सुनंदन चोरगे राज्य संघात दोनदा गेला,
तिसऱ्यांदा खांद्यानं दगा दिला.
आता आम्ही दोघं मिळून थरार विकणार होतो.
रान, धनुष्य, एक माणूस.
शिकारीचा सगळा घाम, फक्त रक्त वगळून.
साताऱ्यातल्या प्रायोजकाला हे तीनदा समजावलं.
पाण्याच्या पंपांचा डीलर तो. म्हणाला, "मग मरतं काय?"

वनरक्षक फडतरे मोटरसायकलवरून आले.
परवानगीचं पत्र उलटसुलट वाचलं,
डुकराच्या बरगडीत बोट खुपसून पाहिलं,
आणि पंचनाम्याच्या सुरात विचारलं, "नर का मादी?"
याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

बामणोलीच्या वर, जिथून कोयनेचं पाणी
सकाळच्या धुक्यात सांडलेल्या ताकासारखं दिसतं,
तिथं बमाबाई ढेबे पुढं चालायची.
पायात प्लास्टिकचे बूट, हातात कोयती.
रोजंदारी ठरली होती वाट दाखवायची,
ती वाससुद्धा दाखवायची.
"हितं थांबा. रातच्याला बसलेलं हाय."
गवत दबलेलं. मी हात लावला, ऊब होती.
ऊब लेन्समधून दिसत नाही.

साडेसहा. दुधात हळद पडावी तसा उजेड.
डुक्कर चाळीस मीटरवर, कारवीत उभं केलेलं.
सुनंदननं ताण घेतला. चाकं फिरली, दोरी गालाला आली,
आणि त्या फोमच्या पाठीमागून
कारवी बाजूला सारत
गवा आला.

गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे,
शाळा सुटून गेली तरी घरी न गेलेला मास्तर
उभा राहावा तसा उभा.
डुक्कर हुंगलं. खोटं आहे हे त्याला एका श्वासात कळलं.
मग आमच्याकडं पाहिलं.

बाण सोडणं सोपं, सुनंदन एकदा म्हणाला होता,
बोटं उघडली की संपलं.
ओढलेली दोरी परत जागेवर नेणं कुणी धड शिकवत नाही,
त्याला पदक नसतं.
मी त्याच्या कोपरावर फोकस धरला.
दंड थरथरत होता. तोच खांदा.
इंचभर पुढं. थांबला. इंचभर.
गव्याच्या नाकातून वाफ, ह्याच्याही.
बमाबाईनं माझ्या शर्टाचं टोक मुठीत आवळलेलं.
एकदाची दोरी सरळ झाली,
आणि एवढ्यासाठीच थांबल्यासारखा
गवा वळला, गेला.

रात्री मेढ्याच्या दुकानात एडिटला बसलो.
प्रायोजकाचा फोन : "बाण लागल्याचा आवाज तरी टाका."
तो मी आधीच करून ठेवला होता,
मागच्या बुधवारी, लाल भोपळ्यात पेचकस खुपसून.
सुरेख आला होता. बायको म्हणाली, आतडं हललं.
भाजी तिघांना दोन वेळा पुरली.
फाईल पडून आहे अजून, "मृत्यू अंतिम दोन" नावाची.

एक्केचाळीस सेकंद. मधे कुठंच कापलं नाही.
चुकून सनई लागली होती, ती काढली.

बमाबाईला मोबाईलवर दाखवलं.
सुनंदनच्या खांद्याकडं तिनं बघितलंच नाही.
स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.
"ह्योच त्यो. गेल्या साली माझी नाचणी खाल्ली ह्यानं."
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
"वाळलाय पर."