दुसरी गल्ली

चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं:
रामबागेतल्या पहिल्या गल्लीत न्हाणीघराला दांडे,
दुसरीत फक्त प्रश्न.
दर महिन्याला मी दुसरीत जाते,
फॉर्म क्रमांक सात घेऊन.

गेल्या तीस दिवसांत पडलात का?
कुठे? उजेड होता का? पायात काय होतं?

"पडले नाही गं, बसले,"
शरयूकाकू म्हणतात, "हळूच. नळाला धरून."
बसण्यासाठी फॉर्मात चौकट नाही.
मनगट काळंनिळं, पदराखाली.
पुढ्यात पोहे, वर शेव, जीरावन.
"खा आधी. मग लिही."

डॉक्टर सांगतात, आणि खोटं नाही सांगत:
दुसरी गल्ली नसेल
तर पहिलीतलं न पडणं दिसणार कुणाला?
जे घडलंच नाही त्याची साक्ष
कुणीतरी पडूनच द्यायची असते.

पटतं मला.
ते पटलेलं घेऊनच सियागंजात गेले,
दीड फुटाचा स्टीलचा दांडा, चार स्क्रू,
भाच्याचं ड्रिल मागून आणलं.
फरशीचा एक तुकडा उडाला, तेवढंच.

काकूंनी दांडा धरून पाहिला,
सिटी बसमध्ये धरतात तसा.
"टॉवेल वाळत घालायला बरा आहे हो."

रात्री सात नंबरवर लिहिलं:
हे घर मोजणीतून काढावं.
कारणापुढे एकच ओळ होती.
तिथे माझं नाव घातलं, वडिलांच्या नावासकट,
आणि कर्मचारी क्रमांक.

दुसऱ्या गल्लीत आता
एकोणतीस घरं आहेत.
उद्या तेविसाव्यापासून सुरुवात.